मासेमार कुटुंबांचे मुखारोग्य आणि जीवनगुणवत्ता : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात

प्रास्ताविक

परभणी जिल्हा म्हटला की ज्वारी, कापूस आणि गोदाकाठची काळी कसदार जमीन डोळ्यांपुढे येते. या जिल्ह्यातील कित्येक कुटुंबांची चूल मासळीवर पेटते, ही गोष्ट मात्र सहसा आपल्या ध्यानात येत नाही. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचा विस्तीर्ण जलाशय आहे. सेलूकडे निम्न दुधना, गंगाखेडकडे मासोळी आणि गोदावरीच्या पात्रात ढालेगाव, मुद्गल, दिग्रस येथील बंधारे आहेत. या पाण्यांच्या काठाने भोई समाजाची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. पूर्वी पालखी वाहणे आणि मासे धरणे ही या समाजाची दोन कामे होती. पालख्या गेल्या, जाळे तेवढे राहिले. राज्याच्या यादीत हा समाज भटक्या जमातींमध्ये मोडतो.

मासेमार म्हटले की समुद्र, होडी आणि कोळीवाडा असे चित्र आपण रंगवतो. वस्तुस्थिती निराळी आहे. २०२२-२३ या वर्षी भारतात सुमारे १७५ लाख टन मत्स्योत्पादन झाले. त्यांपैकी सुमारे १३१ लाख टन, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश, नद्या, तलाव, धरणे आणि मत्स्यशेती अशा अंतर्देशीय पाण्यातून आले. मासेमारांच्या आरोग्याच्या पाहण्या मात्र प्रामुख्याने समुद्रकिनारी झाल्या. कच्छच्या किनाऱ्यापासून केरळपर्यंत दंत महाविद्यालयांनी मासेमारांचे दात तपासले आणि बहुतेक ठिकाणी तीन गोष्टी पुन्हापुन्हा आढळल्या : हिरड्यांचे आजार, उपचाराविना राहिलेली कीड आणि तंबाखूचा सर्रास वापर. आपल्या जिल्ह्यातील जलाशयांवर राबणारी माणसेही याच व्यवसायातली आणि याच सवयींची आहेत. म्हणून हा विषय या स्मरणिकेच्या वाचकांपुढे, म्हणजे माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे मांडावासा वाटला.

जीवनमान आणि जीवनगुणवत्ता

‘जीवनमान’ या शब्दाने आपण घर, उत्पन्न, कपडालत्ता यांचा विचार करतो. ‘जीवनगुणवत्ता’ ही त्याहून वेगळी कल्पना आहे. माणसाला सुखाने जेवता येते का, रात्री झोप लागते का, चारचौघांत मोकळेपणाने बोलता-हसता येते का आणि आपले काम नीट करता येते का, हा तिचा आशय. तोंडाचा या चारही गोष्टींशी थेट संबंध आहे.

दंतवैद्य तोंड तपासतो तेव्हा किडलेले, पडलेले आणि भरलेले दात मोजतो. ही मोजणी आवश्यक आहे. पण तिच्यातून त्या माणसाचा दिवस कसा जातो हे कळत नाही. दोन माणसांचे प्रत्येकी चार दात किडलेले असतील, तरी एक निवांत झोपतो आणि दुसरा रात्रभर गाल धरून बसतो. हा फरक नोंदवण्यासाठी ऑस्ट्रेलियातील अॅडलेड येथे स्लेड आणि स्पेन्सर यांनी १९९४ मध्ये ४९ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. पुढे १९९७ मध्ये स्लेड यांनी ती १४ प्रश्नांपर्यंत आटोपशीर केली. आज जगभर हीच लहान प्रश्नावली वापरली जाते. प्रत्येक प्रश्नाला ‘कधीच नाही’ ते ‘फार वेळा’ अशी पाच उत्तरे असतात आणि त्यांना शून्य ते चार गुण मिळतात. एकूण गुण ० ते ५६ या दरम्यान येतात. गुण जितके अधिक, तितका तोंडाच्या आजाराचा जीवनावरील भार अधिक.

हे १४ प्रश्न सात अंगांत विभागलेले आहेत. पहिले अंग कार्यातील अडथळ्याचे : शब्द नीट उच्चारता न येणे, चव न कळणे. दुसरे शारीरिक वेदनेचे. तिसरे मनाच्या अस्वस्थतेचे : दातांची सतत काळजी वाटणे, अवघडल्यासारखे होणे. चौथे शारीरिक अक्षमतेचे : जेवण अर्धवट टाकावे लागणे. पाचवे मानसिक अक्षमतेचे : लाज वाटणे, मनाला विसावा न मिळणे. सहावे सामाजिक अक्षमतेचे : घरच्यांवर चिडचिड होणे, रोजचे काम अडणे. सातवे आणि शेवटचे अंग म्हणजे एकूण जगणेच उणे झाल्याची भावना. मासेमार कुटुंबाचा एक साधा दिवस नजरेपुढे आणला, तर ही सातही अंगे त्यात कोठे ना कोठे सापडतात.

मासेमाराचा दिवस आणि त्याचे तोंड

धरणातली मासेमारी बहुधा संध्याकाळी जाळे टाकून पहाटे ओढण्याची असते. मासेमार अंधारात उठतो आणि थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा लहान होडीत बसून पाण्यात शिरतो. त्या वेळी दात घासायला सवड नसते आणि घासण्याची सवय असली तरी ती परतल्यावर, म्हणजे उन्हे चढल्यावर पूर्ण होते. पोटात काही नसते. थंडी, झोप आणि भूक या तिन्हींवर एकच उतारा हाताशी असतो : तंबाखू आणि चुना मळून ओठाआड धरलेला बार. जाळे ओढेपर्यंत तो तोंडात राहतो. एक संपला की दुसरा लागतो.

दुसरी गोष्ट दातांच्या वापराची. दोन्ही हात जाळ्यात गुंतलेले असतात, तराफा हलत असतो. अशा वेळी दात हा तिसरा हात होतो. तंगुसाचा धागा दातांनी तोडणे, गाठ दातांत धरून आवळणे, दोरीचे टोक दातांत पकडून ठेवणे, हे मासेमाराला सहज जमते. वर्षानुवर्षे असे केल्याने समोरच्या दातांच्या कडांना खाचा पडतात, आवरण झिजते आणि थंड पाण्याचा घोटही झोंबू लागतो. सुताराच्या, शिंप्याच्या दातांवरही धंद्याच्या अशाच खुणा दिसतात. लहान कात्री किंवा चाकू तराफ्याला दोरीने बांधून ठेवला, तर हे नुकसान टळू शकते. उपाय इतका स्वस्त आहे की तो कोणी सांगत नाही.

मासळी काठावर आली की कामाचा दुसरा भाग सुरू होतो आणि तो बहुतांशी स्त्रियांकडे असतो. कटला, रोहू, मृगळ, मरळ, वाम यांची प्रतवारी करून ती जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड, पूर्णा अशा गावांच्या बाजारात न्यायची आणि नासण्याच्या आत विकायची. हा व्यवसाय तोंडाने चालतो. हाक मारावी लागते, भाव सांगावा लागतो, घासाघीस करावी लागते, गिऱ्हाइकाशी हसून बोलावे लागते. समोरचे दात हलणारी, तोंडाला वास येतो या संकोचाने पदर ओठांवर धरणारी बाई विक्रीत मागे पडते. प्रश्नावलीतील ‘सामाजिक अक्षमता’ या जड शब्दांचा अर्थ बाजारात असा प्रत्यक्ष दिसतो.

मासेमारांच्या घरी दातांना पोषक अन्न असते, ही जमेची बाजू. काट्यांसह खाल्ली जाणारी बारीक मासळी आणि सुकवलेले झिंगे यांतून शरीराला कॅल्शियम मिळते. म्हणजे या कुटुंबांच्या दातांचा शत्रू त्यांच्या ताटात नाही. तो ताटाबाहेरच्या सवयींत आहे.

तंबाखू, मशेरी आणि सुपारी

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करतात. त्यांत धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के आहेत, २४.४ टक्के लोक तंबाखू खातात, चघळतात किंवा दातांना लावतात. आपल्या राज्याचा तंबाखूचा प्रश्न हा मुख्यतः फुप्फुसांआधी तोंडाचा प्रश्न आहे, हे या आकड्यांवरून उघड होते.

तंबाखूत चुना मिसळण्यामागे केवळ चवीचे कारण नाही. चुन्यामुळे तोंडातील आम्लता घटते आणि निकोटीन रक्तात लवकर शिरते. तलफ लवकर भागते म्हणून ती लवकर परतही येते. ज्या जागी बार धरला जातो तेथील नाजूक त्वचा चुन्याने भाजते, जाड होते आणि पुढे पांढरा चट्टा उमटतो. या चट्ट्याला वेदना नसते. वेदना नाही म्हणून त्याकडे कोणी पाहत नाही आणि त्यातच खरा धोका आहे.

स्त्रियांमध्ये मशेरीची चाल आहे. तंबाखू तव्यावर जाळून केलेली ही काळी पूड ‘दात घासण्यासाठी’ म्हणून वापरली जाते. त्यामुळे ते व्यसन आहे असे बाईला स्वतःलाही वाटत नाही. सकाळी एकदा लावणारी बाई हळूहळू दिवसातून चार वेळा लावू लागते. मशेरीच्या खरखरीतपणाने दात झिजतात, हिरड्या मागे सरकतात आणि निकोटीन तर शरीरात जातेच. गर्भवतीच्या बाबतीत त्याचा परिणाम बाळाच्या वजनावरही होतो. दुखऱ्या दातावर मशेरी दाबली की क्षणभर बधिरता येते. हा ‘गुण’ पाहूनच घरातील लहान मुलीच्या हाती ती प्रथम दिली जाते.

तिसरा घटक सुपारी. गुटखा आणि पानमसाला यांवर महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून बंदी आहे. तरीही सुपारीमिश्रित पुड्या, मावा, खर्रा तरुणांच्या खिशात दिसतात. ‘यात तंबाखू नाही, नुसती सुपारी आहे’ हे समर्थन चुकीचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला स्वतंत्रपणे कर्करोगकारक ठरवले. सुपारीतील द्रव्यांमुळे गालाच्या आतल्या मऊ थरात तंतू वाढतात, गाल चामड्यासारखा ताठ होतो आणि तोंड उघडेनासे होते. या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. प्रथम तिखट झोंबते, मग जीभ बाहेर काढता येत नाही, शेवटी भाकरीचा घासही आत जात नाही. सुपारी सोडल्याने आजार वाढायचा थांबू शकतो, पण ताठर झालेला गाल पूर्ववत होत नाही. केरळमध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातील अशा रुग्णांचे १७ वर्षे निरीक्षण केले गेले, त्यांपैकी ७.६ टक्क्यांना तोंडाचा कर्करोग झाला.

या साऱ्याची बेरीज देशाच्या आकड्यांत दिसते. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे त्या एका वर्षात सुमारे १ लाख ४४ हजार नवे रुग्ण होते आणि सुमारे ८० हजार मृत्यू झाले. भारतीय पुरुषांमध्ये हा सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग आहे.

कीड आणि हिरड्यांचे आजार कसे होतात

दाताला ‘कीड’ लागते म्हणजे आत किडा शिरतो, असा समज अजूनही आहे. प्रत्यक्षात दातांवर साचणाऱ्या चिकट थरात सूक्ष्म जीवाणू असतात. आपण गोड खाल्ले की ते त्या साखरेचे आम्ल करतात. हे आम्ल दाताच्या आवरणातील क्षार विरघळवते. लाळ हे नुकसान हळूहळू भरून काढते, परंतु त्यासाठी तिला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून साखर किती खाल्ली याइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व ती किती वेळा खाल्ली याला आहे. स्वीडनमधील व्हिपहोम येथे १९४५ नंतर झालेल्या अभ्यासात हे प्रथम स्पष्टपणे सिद्ध झाले. धरणाच्या काठावर, बाजारात, लिलावाच्या जागी दर तासाला घेतलेला अर्धा कप गोड चहा लाळेला सावरायला वेळच देत नाही.

हिरड्यांचे आजार याहून मुकाट्याने वाढतात. दातांवरील थर काढला नाही तर त्याचे टणक कीटण होते. हिरडी सुजते, घासताना रक्त येते. रक्त येते म्हणून माणूस घासणे सोडतो. त्यामुळे थर आणखी वाढतो. पुढे दाताला धरून ठेवणारे हाड झिजते आणि निरोगी दिसणारा दात हलू लागतो. मधुमेह असेल तर हा आजार वेगाने वाढतो आणि हिरड्यांच्या आजारामुळे मधुमेह आटोक्यात ठेवणेही कठीण होते.

भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १२ वर्षांच्या मुलांपैकी ५३.८ टक्के मुलांना आणि ३५ ते ४४ वयोगटातील ८०.२ टक्के प्रौढांना दंतक्षय आढळला. याच प्रौढांपैकी ८९.६ टक्के लोकांना हिरड्यांचे विकार होते. म्हणजे मासेमार कुटुंबांचा आजार जगावेगळा नाही. वेगळे आहे ते त्यांचे उपचारापासूनचे अंतर. दंतवैद्याकडे जायचे तर एका दिवसाची मासळी बुडते. दवाखान्याची वेळ आणि बाजाराची वेळ एकच असते. पाऊस कमी झाला, धरण आटले की मासेमारी थांबते आणि कुटुंबाला मजुरीचा मार्ग धरावा लागतो. अशा वर्षी दाताचे दुखणे सर्वांत शेवटी मोजले जाते. परिणामी जो दात भरून वाचला असता तो काढण्याच्याच अवस्थेत दवाखान्यात पोहोचतो.

सहन होणे म्हणजे बरे असणे नव्हे

या लेखाचा मुख्य मुद्दा येथे येतो. परदेशात तयार झालेली प्रश्नावली आपल्याकडे तशीच वापरली, तर तिच्यातून चुकीचे समाधान मिळण्याचा संभव आहे. ‘दातांमुळे त्रास होतो का?’ असे विचारले, तर जाळे ओढणारा मनुष्य बहुधा ‘नाही’ असे उत्तर देईल. ते खोटे नसते. मात्र त्याने त्रासाभोवती आपले जगणे वळवून घेतलेले असते. तो एकाच बाजूने चावतो, कडक भाकरी कालवणात कुस्करून खातो आणि थंड पाणी टाळतो. मरळीचे जाड तुकडे मुलांच्या पानात वाढतो आणि स्वतः रस्सा ओरपतो. दुखऱ्या दाढेवर तंबाखू धरतो. वेदना अशा रीतीने दिवसभरात विरघळून जाते आणि कागदावर शून्य गुण पडतात. माणूस वेदनेला सरावतो, म्हणून कमी गुण म्हणजे उत्तम आरोग्य असे मानता येत नाही, ही गोष्ट या क्षेत्रातील अभ्यासकांनाही मान्य आहे.

म्हणून आपल्या भागात चौकशी करताना त्रासाविषयी न विचारता तडजोडीविषयी विचारावे. भाकरी कोरडी खाता की कुस्करून? दोन्ही बाजूंनी चावता की एकाच? काटेरी मासा खाणे कधीपासून सोडले? तिखट झोंबते का? बाजारात बोलताना तोंडावर हात किंवा पदर जातो का? गेल्या महिन्यात दातासाठी किती वेळा गोळी घेतली? तंबाखू किंवा मशेरी सर्वांत आधी कशासाठी लावली? आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का?

ज्वारीच्या भाकरीवर जगणाऱ्या मुलखात भाकरी नीट चावता येणे हे आरोग्याचे माप मानायला हरकत नसावी. काटेरी मासा खायलाही शाबूत दात, मऊ गाल आणि सर्व बाजूंनी फिरणारी जीभ लागते. जिभेने काटा वेगळा करता आला नाही तर तो घशात जातो. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पानात मासा पोहोचवला, त्याला स्वतःला तो खाता येऊ नये, याहून जीवनगुणवत्तेची हानी वेगळी कोणती दाखवायची?

हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. आपल्या शाळेतून शिकून शिक्षक, परिचारिका, आशा कार्यकर्त्या किंवा मत्स्य संस्थांचे सचिव झालेल्यांना ते सहज विचारता येतील. उत्तरांची वही दंतवैद्यापुढे ठेवली, तर त्यालाही नुसत्या दातांच्या मोजणीपेक्षा अधिक कळेल.

वेळीच ओळख

तोंडाचा कर्करोग पाहण्यासाठी शरीरात नळी घालावी लागत नाही. उजेड आणि आरसा पुरतो. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठा प्रयोग झाला. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन प्रौढांची तोंडे नुसत्या डोळ्यांनी तपासली. २००५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांमध्ये, तपासणी झालेल्या गटातील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू न तपासलेल्या गटापेक्षा ३४ टक्क्यांनी कमी होते.

घरच्या घरी करावयाची तपासणी पुढीलप्रमाणे. महिन्यातून एकदा चूळ भरून उजेडात आरशापुढे उभे राहावे. ओठ उलटून आतली बाजू पाहावी, कारण बार तेथेच धरला जातो. दोन्ही गाल बोटाने बाजूला ओढून पाहावेत. जीभ वर, डावीकडे, उजवीकडे नेऊन तिच्या कडा आणि खालची जागा पाहावी. शेवटी तीन बोटे उभी धरून तोंडात घालून पाहावीत. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, कारण नसताना हलू लागलेला दात, गिळताना अडथळा किंवा तोंड कमी उघडणे यांपैकी काहीही आढळले तर, दुखत नसले तरी, दंतवैद्याकडे जावे.

सरकारी कार्यक्रमानुसार ३० वर्षांवरील प्रत्येकाच्या तोंडाची तपासणी ठरावीक मुदतीने होणे अपेक्षित आहे आणि त्यासाठी आशा कार्यकर्ती प्राथमिक माहिती भरून घेते. परभणी शहरात जिल्हा रुग्णालय आहे, तसेच सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालय आणि रुग्णालयही आहे. कर्करोगाच्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळू शकतो. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक आहे. सोडल्यानंतरचे पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड होते, झोप उडते. तीन-चार आठवड्यांत हा जोर बराच ओसरतो. घरच्यांनी त्या दिवसांतील रागाला आजाराचे लक्षण समजून सांभाळून घ्यावे.

मत्स्य संस्थांनाही येथे काही करता येईल. संस्थेच्या बैठकीत वर्षातून एकदा तोंड तपासणीचा दिवस ठरवावा आणि दंतवैद्याला मासळी उतरते त्या जागी, मासळी उतरल्यानंतरच्या वेळी बोलवावे. दवाखाना माणसाच्या वेळेला आला, तर माणूस दवाखान्याच्या वाटेला लागतो.

निवासी शाळेचे स्थान

आई-वडील पाण्यावर आणि बाजारात असताना मुलांचे दात कोण पाहणार, या प्रश्नाचे उत्तर निवासी शाळा देऊ शकते. घरातील दिनक्रम पाण्याच्या तालावर चालतो; वसतिगृहातील दिनक्रम घंटेवर चालतो. सवय लावण्यासाठी घंटेसारखे साधन नाही.

बौद्ध संघाच्या सामूहिक जीवनातही तोंडाच्या स्वच्छतेला शिस्तीचे स्थान होते. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात दंतकाष्ठाचा विषय येतो. दंतकाष्ठ न वापरल्याने होणारे पाच तोटे आणि वापरल्याने मिळणारे पाच लाभ तेथे सांगितले आहेत. तोंडाला दुर्गंधी न येणे आणि अन्न रुचणे हे त्या लाभांपैकी दोन. दंतकाष्ठाची लांबी किती असावी, याचाही नियम आहे : जास्तीत जास्त आठ अंगुळे, कमीत कमी चार. एकत्र राहणाऱ्या माणसांनी तोंडाची स्वच्छता ही खासगी बाब न मानता दिनचर्येचा भाग मानावी, हा बोध त्यातून मिळतो.

आजच्या वसतिगृहासाठी तो बोध असा मांडता येईल. सकाळी आणि विशेषतः रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन मिनिटे दात घासावेत. झोपेत लाळ कमी होते म्हणून रात्रीचे घासणे अधिक महत्त्वाचे. मोठ्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. घासल्यावर थुंकावे, मात्र लगेच खळखळून चूळ भरू नये, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडयुक्त पेस्टचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला आहे. कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या दातणाने थर निघतो, परंतु त्यातून फ्लोराइड मिळत नाही. मशेरी आणि कोळशाची पूड तर वर्ज्यच मानावी. ज्या गावांतील बोअरच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड अधिक आहे, तेथे मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात. पाण्यातील प्रमाण लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक नसावे. शंका असल्यास पाणी तपासून घ्यावे.

पालकांनी एक गोष्ट आवर्जून ध्यानात ठेवावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्या आधी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती दुधाचीच समजली जाते आणि ‘पडणारच आहे’ म्हणून किडू दिली जाते. ती कायमची दाढ असते. पुढे सत्तर वर्षे भाकरी तिनेच चावायची असते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झाला. त्याचे पथक शाळेत येऊन मुलांची तपासणी करते आणि त्यात दातांचाही समावेश असतो. पथकाने दिलेली चिठ्ठी दप्तरात पडून राहू नये, ही जबाबदारी शिक्षक आणि पालक या दोघांचीही आहे. २००३ च्या कायद्यानुसार शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत आणि १८ वर्षांखालील मुलांना तर कोठेही विकता येत नाहीत. हे अंतर शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी एकदा पावलांनी मोजून पाहावे.

समारोप

मासेमार कुटुंबांच्या तोंडाचे आजार टाळता येण्याजोगे आहेत. त्यांची कारणे ज्ञात आहेत आणि बरेचसे उपाय स्वस्त आहेत. अडचण अशी की हे दुखणे सोसण्याच्या सवयीआड लपलेले असते आणि सोसणाऱ्याला आपण कशाला मुकलो आहोत याची जाणीवही उरत नाही. म्हणून आकडे गोळा करण्याआधी आपल्या माणसांच्या ताटाकडे पाहायला शिकावे लागेल. कोण भाकरी कुस्करून खातो, कोण काट्याचा मासा बाजूला सारतो, कोण तिखटाला हात लावत नाही, हे घरातील डोळस मुलाच्या लक्षात सर्वांत आधी येते.

सुट्टीत घरी जाणाऱ्या विद्यार्थ्याने सोबत एक ब्रश स्वतःसाठी आणि एक आईसाठी न्यावा. वडिलांना तोंड उघडायला सांगून उजेडात त्यांचे गाल पाहावेत आणि काही वेगळे दिसले तर त्यांना एक दिवस जाळे बाजूला ठेवायला लावून दवाखान्यात न्यावे. त्या दिवसाची मासळी बुडेल. पण वेळेवर लक्षात आलेला चट्टा बरा होऊ शकतो.